एमिरेट आणि एमिग्रेट

रायगड किंवा रत्नागिरी जिल्ह्यातला एखादा तरुण वेल्डर म्हणून दुबईला निघतो, तेव्हा त्याच्या फायलीत दोन इंग्रजी शब्द हमखास शेजारी येऊन बसतात. भारताकडच्या कागदांवर ‘एमिग्रेट’, ‘एमिग्रंट’, ‘एमिग्रेशन’. तिकडच्या कागदांवर ‘एमिरेट’, ‘एमिरेट्स’. भारत सरकारच्या ज्या पोर्टलवर त्याची नोंद होते त्याचं नाव ‘ई-मायग्रेट’, आणि पोहोचल्यावर त्याच्या हाती जे ओळखपत्र पडतं ते ‘एमिरेट्स आयडी’. रोमन लिपीत हे दोन शब्द एकाखाली एक लिहून पाहा. ई, एम, आय इथपर्यंत दोन्ही सारखे. मग एकात ‘जी’ येतो, दुसऱ्यात येत नाही. पुढे आर, ए, टी, ई पुन्हा जसंच्या तसं. ‘एमिग्रेट’मधला ‘जी’ खोडला की ‘एमिरेट’ तयार.

इतकं साम्य दिसलं की नातं असणार असं वाटणं स्वाभाविक आहे. त्यात संयुक्त अरब अमिरातीत बहुसंख्य लोक बाहेरून आलेले. एकट्या भारतीयांचीच संख्या तीस लाखांच्या वर. तेव्हा ‘एमिग्रेट करून आलेल्यांचा देश म्हणून एमिरेट्स’ हा तर्क ऐकायला बरा वाटतो. पण त्यात तथ्य नाही. एक शब्द अरबी आहे, दुसरा लॅटिन. सुरुवातीचा ‘ई’ दोघांत वेगळा, मधला ‘मि’ वेगळा, आणि शेवटचा ‘एट’सुद्धा दोघांना वेगवेगळ्या कारणाने चिकटलेला आहे. म्हणून दोन्ही शब्द सावकाश उलगडून पाहू. मराठी माणसाला हे काम अवघड नाही, कारण त्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी सामग्री आपल्या भाषेत आधीपासून आहे.

आधी ‘एमिरेट’. अरबीतले बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. इथला धातू अलिफ, मीम, रे. त्यातून ‘अम्र’ म्हणजे हुकूम, आणि हुकूम देणारा तो ‘अमीर’. अमिराचं पद आणि त्याचा हुकूम चालतो तो मुलूख म्हणजे ‘इमारा’. त्याचं अनेकवचन ‘इमारात’. देशाचं अरबी नाव ‘अल-इमारात अल-अरबिय्या अल-मुत्तहिदा’ असं आहे, आणि आपण ‘अमिरात’ म्हणतो ते इथूनच.

अमीर हा शब्द मराठीत केव्हाच मुरलेला आहे, फक्त त्याचा अर्थ सरकला. मुळात तो सेनापती किंवा अधिकारी. अधिकारी म्हणून दरबारातला मानकरी, मानकरी म्हणून पैसेवाला, आणि आता आपल्याकडे अमीर म्हणजे नुसता श्रीमंत. त्याच्या जोडीला येणारा ‘उमराव’ तर आणखी गमतीचा. अरबीत अमीरचं अनेकवचन ‘उमरा’. तेच फारसीतून आपल्याकडे ‘उमराव’ होऊन आलं आणि एकवचनी झालं. म्हणजे ‘अमीर-उमराव’ म्हणताना आपण एकाच शब्दाचं एकवचन आणि अनेकवचन पाठोपाठ उच्चारत असतो. इतिहासाच्या पुस्तकात भेटणारा मीर जुमला, त्यातला ‘मीर’ हा अमीरच आहे. ‘मिर्झा’ म्हणजे अमीरजादा. नौदलातला ‘ॲडमिरल’सुद्धा याच घरातला. ‘अमीर-अल-’ म्हणजे ‘अमक्याचा अमीर’. त्यातलं पुढचं नाव गळालं, ‘अल’ हे अव्यय मात्र शब्दाच्या शेवटाला चिकटून राहिलं. भूमध्य समुद्राच्या काठाने हा शब्द युरोपात शिरला, आणि ‘ॲडमायर’च्या लॅटिन कुळाशी गफलत होऊन मधे एक ‘डी’ घुसला.

मग ‘अमीर’चा इंग्रजीत ‘एमिर’ कसा झाला? तो फ्रेंचमधून आला म्हणून. फ्रेंचांनी सुरुवातीचा ‘अ’ हा ‘ए’ असा ऐकला आणि लिहिला, इंग्रजांनी तो तसाच उचलला. या ‘ई’ अक्षराला स्वतःचा काही अर्थ नाही. ती अरबी अलिफाची सावली आहे. हे लक्षात ठेवावं, कारण ‘एमिग्रेट’मधल्या ‘ई’ला मात्र पक्का अर्थ आहे.

शेवटचा ‘एट’ हा लॅटिन प्रत्यय. पदाच्या नावाला तो लागला की त्या पदाचा अधिकार किंवा मुलूख असा अर्थ होतो: कॉन्सलचं कॉन्सुलेट, सुलतानाचं सल्तनेट, खलिफाचं कॅलिफेट. आपल्याकडे पाटलाची पाटीलकी आणि सुभेदाराची सुभेदारी होते, तीच ही तऱ्हा. एमिरचं ते एमिरेट. शब्द अरबी आणि शेपूट लॅटिन, असा हा जोडशब्द आहे.

इथे एक सापळा खास मराठी वाचकासाठी आहे. ‘इमारात’ ऐकलं की आपल्या मनात ‘इमारत’ येते, आणि दुबईसारख्या शहरात तर ती यायला निमित्तही लागत नाही. पण हे दोन शब्द अरबीत वेगळ्या अक्षरांनी सुरू होतात. आपली इमारत ज्या ‘इमारा’वरून आली त्याचं पहिलं अक्षर ‘ऐन’, घशातून काढायचा आवाज. त्या धातूचा अर्थ वस्ती करणं, बांधणं, आबाद करणं. वय या अर्थाचा ‘उमर’ही त्याच धातूचा. अमिराच्या ‘इमारा’चं पहिलं अक्षर अलिफ. अरबी माणसाच्या कानाला हे दोन शब्द स्पष्ट वेगळे ऐकू येतात. देवनागरीत ‘ऐन’साठी चिन्ह नाही, त्यामुळे आपल्या पानावर ते सख्खे भाऊ दिसतात. आणि हो, ‘अंमल’ हाही याच ‘ऐन’ने सुरू होणारा, तिसऱ्याच धातूचा शब्द आहे, ‘अम्र’शी त्याचं रक्ताचं नातं नाही, अर्थ कितीही जवळचा वाटला तरी.

‘एमिरेट’ हे नाव या मुलखाला अधिकृतपणे चिकटून फार दिवस झालेले नाहीत. 1820 मध्ये इंग्रजांनी इथल्या शेखांशी सागरी शांततेचा तह केला, 1853 मध्ये तो कायमचा झाला, आणि इंग्रजी कागदपत्रांत या किनाऱ्याचं नाव पडलं ‘ट्रूशियल’, म्हणजे तहाचा किनारा. त्या काळात आखाताचा इंग्रज रेसिडेंट इराणच्या बुशहर बंदरात बसायचा आणि 1873 पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता. दुबई-शारजाच्या शेखांचे खलिते मुंबईच्या दफ्तरात जात. 2 डिसेंबर 1971 रोजी सहा राज्यांनी मिळून नवा देश केला, फेब्रुवारी 1972 मध्ये सातवं रस अल-खैमा सामील झालं. अबू धाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल-कुवेन आणि फुजैरा ही बाकीची सहा. एवढं असून या सातांपैकी एकाही राज्याचा प्रमुख स्वतःला ‘अमीर’ म्हणवत नाही. ते ‘शेख’ आणि ‘हाकिम’, म्हणजे शासक. अमीर ही पदवी कुवेत आणि कतारच्या प्रमुखांची. एमिरेट आहे, पण एमिर नाही.

रोजच्या व्यवहारात हा शब्द अगदी साधा होऊन जातो. अर्जात ‘सिटी’ आणि ‘एमिरेट’ असे दोन रकाने शेजारी असतात. दुबईत राहणारा दोन्हींत ‘दुबई’च लिहितो आणि पुढे जातो. पण अल ऐनमध्ये काम करणाऱ्याने शहराच्या रकान्यात अल ऐन आणि एमिरेटच्या रकान्यात अबू धाबी लिहायचं. खोर फक्कान नकाशात फुजैराच्या शेजारी, पूर्वेच्या किनाऱ्यावर दिसतं, पण ते शारजा एमिरेटमधलं आहे. आपल्याकडे तालुका आणि जिल्हा लिहिताना जी खबरदारी घेतो तीच इथे घ्यावी. एमिरेट्स आयडीचा पंधरा आकडी क्रमांक 784 ने सुरू होतो. हा देशाचा आंतरराष्ट्रीय सांकेतिक आकडा. त्यापुढचे चार आकडे कार्डधारकाचं जन्मवर्ष. या कार्डावरच्या ‘एमिरेट्स’ शब्दाचा अर्थ एवढाच, की या सात मुलखांच्या संघाने हे कार्ड दिलं आहे. तुम्ही कुठून आलात, कसे आलात, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही.

ते बोलणारा शब्द म्हणजे ‘एमिग्रेट’.

याचा गाभा ‘मिग्रारे’ हे लॅटिन क्रियापद: एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी राहायला जाणं, बिऱ्हाड हलवणं. बदल किंवा अदलाबदल या अर्थाच्या ज्या अतिप्राचीन धातूशी अभ्यासक त्याला जोडतात, त्याच धातूकडे संस्कृत ‘विनिमय’ही जातो. या गाभ्याला पुढे उपसर्ग लागतात. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘इन’ म्हणजे आत. बाहेर पडणारा तो एमिग्रंट, आत येणारा तो इमिग्रंट. माणूस एकच, प्रवासही एकच. तो मुंबईच्या बाजूने पाहिला की एमिग्रेशन, दुबईच्या बाजूने पाहिला की इमिग्रेशन.

आता स्पेलिंग. ‘एमिग्रेट’ला एक एम आणि ‘इमिग्रेट’ला दोन, हे शाळेत घोकून पाठ केलं जातं आणि ऐन वेळी विसरतं. घोकायची गरज नाही, कारण ही सरळ संधी आहे आणि संधी आपल्याला आठवीपासून येते. सत् + मान म्हटलं की पुढच्या ‘म’च्या ओढीने ‘त्’चा ‘न्’ होतो आणि ‘सन्मान’ तयार होतो. तत् + लीन चा ‘तल्लीन’ होतो. लॅटिनमध्ये इन + मिग्रारे झालं की ‘न’ पुढच्या ‘म’मध्ये मिसळून स्वतःच ‘म’ होतो. दोन एम येतात ते असे: एक उपसर्गाचा, एक धातूचा. ‘लीगल’च्या आधी नकाराचा ‘इन’ लावला की ‘इल्लीगल’मध्ये दोन एल होतात, तोही ‘तल्लीन’चाच नियम.

‘एक्स’चं वागणं वेगळं. स्वरापुढे किंवा प, त यांसारख्या कठोर व्यंजनापुढे तो टिकतो: एक्झिट, एक्स्पोर्ट, एक्स्ट्रॅक्ट. पण म, र, ल, व अशा मृदू व्यंजनांपुढे त्याचा शेवट गळतो आणि उरतो नुसता ‘ए’. इरप्शन, इलेक्शन, इव्हॅपोरेशन यांच्या आरंभी तोच उरलेला ‘ए’ आहे, इंग्रजीने त्याचा उच्चार बदलला तरी. आपल्या विसर्गसंधीत निः + रस म्हटलं की विसर्ग लोपतो आणि भरपाई म्हणून आधीचा ‘नि’ दीर्घ होऊन ‘नीरस’ होतो. निः + रव चा ‘नीरव’ होतो. लॅटिनमध्ये अगदी हेच घडतं: ‘क्स’ गेला की मागचा ऱ्हस्व ‘ए’ दीर्घ होतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन आणि पाणिनीचा विद्यार्थी यांचे कान इतके सारखे चालावेत, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. तर ‘एमिग्रेट’मध्ये दुसरा ‘एम’ येणार तरी कुठून? उपसर्गाचं व्यंजन तर गळून गेलं आहे.

शेवटचा ‘एट’ इथे क्रियापदाचा. ‘मिग्रारे’चं भूतकाळवाचक धातुसाधित ‘मिग्रातुस’, त्यावरून इंग्रजीने क्रियापद घडवलं. डिक्टेट, ट्रान्सलेट, नॅव्हिगेट ही सगळी त्याच साच्यातली. एमिरेटचा ‘एट’ मुलूख दाखवतो, एमिग्रेटचा ‘एट’ कृती दाखवतो. पाटीलकीतला ‘की’ आणि ‘येतोस की’ मधला ‘की’ एकच नव्हेत, तसं.

आपल्याकडे सरकारी हिंदीने ही जोडी फार नेटकी उतरवली आहे. एमिग्रेशनला ‘उत्प्रवास’, इमिग्रेशनला ‘आप्रवास’. ‘उत्’ म्हणजे वर, बाहेर. ‘आ’ म्हणजे इकडे. मराठी वर्तमानपत्रं मात्र दोन्हींसाठी ‘स्थलांतर’ लिहून मोकळी होतात आणि दिशाच हरवते. मला उत्प्रवास-आप्रवास मराठीतही रुळावेत असं वाटतं. अडचण एवढीच, की मराठीत ‘प्रवास’ म्हणजे एसटीचा किंवा रेल्वेचा. संस्कृतात त्याचा अर्थ घर सोडून परमुलखात राहणं असा होता, हिंदीने तो जपला. म्हणून 9 जानेवारीचा ‘प्रवासी भारतीय दिवस’ मराठी कानाला तिकीट काढलेल्या लोकांचा दिवस वाटतो.

‘इमिग्रंट’ हा शब्द प्रचारात आणला अमेरिकेने, आणि त्यामागे कारण होतं. बाहेर पडणाऱ्यांसाठी युरोपात एमिग्रंट होताच. क्रांतीनंतर फ्रान्समधून पळालेल्या सरदारांना ‘एमिग्रे’ म्हणत. पण अमेरिकेला माणसं सोडून जाणारी नव्हे, येणारी मोजायची होती. न्यू हॅम्पशरचा इतिहास लिहिणाऱ्या जेरेमी बेल्कनॅपने 1792 च्या खंडात हा शब्द वापरला आणि आपण इंग्रजी कोशांची चौकट ओलांडतो आहोत हे प्रस्तावनेत नोंदवलंही. पुढे नोहा वेबस्टरने 1828 च्या कोशात ‘इमिग्रेट’चा अर्थ देताना ‘कायमच्या वास्तव्यासाठी’ अशी अट घातली. आत येणं आणि तिथलंच होऊन जाणं, असा दुहेरी अर्थ त्या शब्दात बसला तो असा.

अमिरातीला हा शब्द पूर्णपणे बसत नाही तो याच अटीमुळे. विमानतळावर आपण सगळे ‘इमिग्रेशनची रांग’ म्हणतो, पण तिथला 1973 चा सहा क्रमांकाचा संघीय कायदा परदेशी व्यक्तींचा ‘प्रवेश आणि वास्तव्य’ या विषयावरचा होता, आणि त्याच्या जागी आलेला 2021 चा कायदाही त्याच विषयावरचा आहे. तिथे राहायचं ते ‘इकामा’वर, म्हणजे मुदतीच्या वास्तव्य परवान्यावर. 2019 पासून सुरू झालेला गोल्डन व्हिसाही पाच किंवा दहा वर्षांचा, नूतनीकरणाचा. तीस वर्षं दुबईत काढलेला चिपळूणचा माणूस अमेरिकन अर्थाने इमिग्रंट होत नाही. भारताच्या कायद्याने मात्र तो पहिल्या दिवसापासून एमिग्रंट असू शकतो, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

भारताचा एमिग्रेशन कायदा 1983 चा. त्यात ‘एमिग्रेट’ची व्याख्या कोशातली नाही. कायमचं स्थायिक होण्याचा त्यात संबंधच नाही. परदेशात नोकरी धरण्याच्या उद्देशाने भारताबाहेर पडणं, म्हणजे एमिग्रेट करणं. सोबत जाणारी, त्याच्यावर अवलंबून असलेली बायकोमुलं या अर्थाने एमिग्रंट नव्हेत. वयाच्या अठरा वर्षांनंतर किमान तीन वर्षं परदेशात राहिलेला माणूसही नव्हे. व्याख्येचा रोख असा आहे, कारण कायद्याचा मूळ हेतू मजुराचं रक्षण हा आहे. हा कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्याचं पद ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ असं आहे. हे पद एकोणिसाव्या शतकातलं, मॉरिशससारख्या बेटांवर करारावर मजूर पाठवले जात त्या काळातलं. त्या गिरमिटियांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती, आणि मॉरिशसमध्ये त्यांचा समाज आजही आहे. अशा मजुरांच्या छळाच्या कहाण्यांनी हे पद निर्माण करायला भाग पाडलं.

आज या कायद्याचा अंमल पासपोर्टवरच्या तीन अक्षरांतून दिसतो: ईसीआर, म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’. दहावी पास असलेल्याच्या पासपोर्टवर तो शेरा येत नाही. ज्याच्या पासपोर्टवर तो आहे, त्याला यादीतल्या देशांत नोकरीसाठी जाण्याआधी प्रोटेक्टरची मंजुरी घ्यावी लागते, आणि अमिरात त्या यादीत आहे. ही मंजुरी ई-मायग्रेटवरून मिळते. या नावातला ‘ई’ इलेक्ट्रॉनिकचा आणि जुन्या ‘एक्स’चा, दोन्हींचा आहे. मंजुरीसाठी परदेशी मालकाची नोंद लागते, कामाचा करार लागतो, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी लागते: दहा लाख रुपयांचं संरक्षण, हप्ता दोन वर्षांसाठी 275 आणि तीन वर्षांसाठी 375 रुपये. एजंट नोंदणीकृत असावा लागतो, त्याचा परवाना क्रमांक पोर्टलवर तपासता येतो, आणि त्याने घ्यायची फी जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी.

गावोगावचे बिनपरवान्याचे एजंट नेमकी ‘एमिग्रेट’ची ही व्याख्याच चुकवतात. ते मुलाला सांगतात, आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे पोहोचलास की कामाचा व्हिसा करून देतो. व्हिजिट व्हिसावर निघालेला माणूस कागदावर नोकरीसाठी निघालेला नसतो. म्हणजे खरा उद्देश नोकरीचा असला, तरी नोंदीपुरता तो एमिग्रेट करत नाही. मग मंजुरी नाही, मालकाची नोंद नाही, करार नाही, विमा नाही. पगार थकला किंवा परांचीवरून पडून हातपाय मोडला, तर दाखवायला एक कागद नसतो. तिकडच्या कायद्यानेही परवान्याविना काम करणं आणि करवून घेणं गुन्हाच आहे. 2024 च्या दुरुस्तीनंतर अशा मालकाला एक लाख ते दहा लाख दिर्हम दंड होऊ शकतो, पण कामगाराची नोकरी तर त्याआधीच गेलेली असते. ईसीआर पासपोर्टचा मुलगा तुमच्या घरातून नोकरीसाठी निघत असेल तर फाईल उघडून बघा. ‘एमिरेट’ हा शब्द व्हिसावर कुठे ना कुठे असेलच, व्हिजिट व्हिसावरसुद्धा. ई-मायग्रेटची मंजुरी आहे का, ते शोधा, आणि नसेल तर तिकीट काढण्याआधी मुंबईच्या प्रोटेक्टर कार्यालयात विचारून या.